मंडळीत एक, कचेरीत दुसरा: एका तरुण खजिनदाराच्या पत्राला उत्तर

प्रभूच्या नावात सलाम.

तुमचे पत्र मिळाले आणि मी ते सावकाश, दोनदा वाचले. तुम्ही आमच्या नगर जिल्ह्यातल्याच एका पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहात, दीड वर्षापूर्वी मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, पंच कमिटीवर निवडून आलात, आणि हिशेबाला माणूस बरा म्हणून खजिनदारकी तुमच्या गळ्यात पडली. रविवारी शास्त्रपाठ वाचणारा मी आणि सोमवारी टेबलामागे बसणारा मी ही दोन निराळी माणसे आहेत, असे तुम्हाला वाटू लागले आहे. त्यातून तुम्ही विचारता की कचेरीतल्या पूजेचे आणि प्रसादाचे काय करावे, मुलीला पहिलीत घालताना धर्माच्या रकान्यात काय लिहावे, हिशेबावरून कमिटीत तोंडे फिरली असताना प्रेमाखातर गप्प बसावे की बोलावे, आणि चार लोकांत आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची ती कशी. अगदी शेवटी, खजिनदारकी सोडून द्यावी काय, असेही एक वाक्य आहे. मी ३८ वर्षे पाळकपण, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचे काम, केले, त्यातली बहुतेक खेड्यांतल्या मंडळ्यांत. हे सगळे प्रश्न माझ्या ओसरीवर बसून कोणी ना कोणी विचारलेले आहेत, आणि त्यांतले काही मी स्वतः टाळलेले आहेत.

तुम्ही प्रसाद पहिला घातला आहे आणि हिशेब तिसरा. मी क्रम बदलतो. दुसऱ्यांच्या देवापुढे मान वाकवावी की नाही, यावर आपली मंडळी तासन्‌तास बोलू शकते. पण वेस्ट्रीच्या, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीतल्या, कपाटात ठेवलेल्या कीर्दवहीचा विषय निघाला की सगळ्यांना घरी जायची घाई होते. बाहेरचा दबाव मोठा वाटतो, कारण तो दिसतो. घरातली गोष्ट अंगवळणी पडलेली असते.

कापणीच्या सणाचा लिलाव घ्या. उपासना झाली की मांडवात भोपळे, गावरान कोंबड्या, अंड्यांची टोपली, पायली-दोन पायली ज्वारी, कोणा बहिणीने विणलेला रुमाल असे सगळे येऊन पडते. बोली पुकारणारा रंगात येतो, दोन घरांत चुरस लागते, ४० रुपयांचा भोपळा ११०० रुपयांना जातो, टाळ्या पडतात आणि वहीत नाव लिहिले जाते. पैसे मात्र पुढच्या कापणीपर्यंत येत नाहीत. मी एका मंडळीत बदलून गेलो तेव्हा अशी सात वर्षांची बाकी वहीत साचली होती, आणि सर्वांत मोठी बाकी ज्यांच्या नावावर होती ते गृहस्थ दर पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचे ताट धरून माझ्या शेजारी उभे राहात. मी दोन वर्षे काही बोललो नाही. पाळकाच्या घराचे पत्रे त्यांनी स्वतः उभे राहून बदलून दिले होते, आणि पावसाळा जवळ आला की मला त्यांची आठवण होत असे. तेव्हा माझ्या त्या गप्प राहण्याला मी ‘प्रेम’ असेच नाव दिले होते. तुमच्या पत्रातला ‘प्रेमाखातर’ हा शब्द वाचला आणि तो मला ओळखीचा वाटला.

पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. बायबलातल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो तीताबरोबर आणखी एका भावाला पाठवतो, आणि तोही असा, की ज्याला मंडळ्यांनीच नेमले होते. कारणही तो सरळ सांगतो: या मोठ्या रकमेबाबत कोणी आम्हांला दोष लावू नये, जे प्रभूपुढे चांगले तेच माणसांपुढेही चांगले दिसावे. प्रेषिताला आपल्या पैशांच्या व्यवहारावर दुसऱ्याची नजर असावीशी वाटली, तर आपल्या खजिनदाराला त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही. तेव्हा दानाची थैली त्याच रविवारी, दार उघडे ठेवून, दोन निराळ्या घरांतल्या माणसांनी मोजावी आणि दोघांनी सही करावी. महिन्याचा जमाखर्च सूचनाफलकावर लावावा. लोक वाचणार नाहीत, तरी लावावा. लिलावाची बाकी वर्षातून एकदा नावांसह वाचावी. मंडळी ज्या ट्रस्टच्या नावावर आहे त्याचे लेखापरीक्षण वेळेवर व्हावे, आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट जावा. पुष्कळ मंडळ्यांची मोठाली भांडणे उपदेशावरून पेटलेली नाहीत. दहा-बारा वर्षे कोणी चेंज रिपोर्ट भरलाच नाही, त्यामुळे कागदावर विश्वस्त म्हणून मेलेली माणसे राहिली, आणि मग मिशनच्या काळातल्या जमिनीवर दोन गटांनी हक्क सांगितला, अशी त्यांची कथा असते.

निवडणुकीबद्दल तुम्ही फार थोडे लिहिले आहे, पण जे लिहिले त्यावरून मी बाकीचे ओळखले. वार्षिक वर्गणी थकलेल्या सभासदांना मत नसते. निवडणुकीच्या पंधरा दिवस आधी कोणीतरी ३०-४० जणांची थकबाकी एकरकमी भरून टाकतो, आणि वर्षभर न दिसलेले चेहरे मतदार यादीत येतात. पावत्या तुम्हीच फाडणार आहात. प्रत्येक पावतीवर पैसे प्रत्यक्ष कोणी दिले त्याचे नाव लिहा, एवढेच. कोणाला जाब विचारू नका, भाषण करू नका. नाव लिहायचे म्हटले की अर्धे पैसे परत जातात, हा माझा अनुभव आहे.

कोर्टाची पायरी चढू नये असे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि हिशेब मागणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी ते वचन फार वापरले जाते. माझे मत असे आहे की तुझे-माझे भांडण न्यायाधीशापुढे नेणे वेगळे आणि सार्वजनिक न्यासाचा हिशेब कायद्याने ठरवलेल्या अधिकाऱ्यापुढे ठेवणे वेगळे. जमीन विकायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि ती मागितली काय, हे विचारणारा माणूस मंडळीचा वैरी नव्हे. मात्र विचारण्यापूर्वी ज्याच्यावर संशय आहे त्याच्या घरी एकटे जाऊन या. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला तो क्रम आपल्याकडे उलटा चालतो: आधी अर्ज, मग व्हॉट्सॲपचा ग्रुप, आणि प्रत्यक्ष भेट कधीच नाही.

आता कचेरी. खंडेनवमीला संगणकांना हार घालतात, श्रावणात सत्यनारायण होतो, वर्गणीची यादी टेबलांवरून फिरते. तुम्ही विचारता की न बसलो तर साहेबांच्या डोळ्यांवर येतो आणि बसलो तर मनाला खाते. बायबलातल्या ‘२ राजे’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात अरामी सेनापती नामान अलीशाला अगदी हेच विचारतो. तो म्हणतो, माझा धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या मंदिरात वाकतो, तेव्हा मलाही वाकावे लागते, याची परमेश्वर मला क्षमा करो. अलीशा त्याला हो म्हणत नाही, नको म्हणत नाही. शांतीने जा, एवढेच म्हणतो. मी तरुण होतो तेव्हा या उत्तराचा मला राग येत असे. आता वाटते की नामानाने ती अडचण कोणी पकडण्यापूर्वी आपण होऊन सांगितली, आणि संदेष्ट्याला तेवढे पुरले.

व्यवहारात सांगायचे तर पूजेच्या दिवशी आवक-जावक आणि खिडकी तुम्ही सांभाळा. ‘तुम्ही सगळे निवांत बसा, लोकांचे काम मी बघतो,’ असे आदल्या दिवशी सांगितले तर बहुधा साहेबच खूश होतात, कारण त्या दिवशी तालुक्याच्या टोकाकडून आलेल्या माणसाला परत पाठवावे लागत नाही. वर्गणी पूजेची म्हणून देऊ नका. चहा-फराळाचा खर्च आपल्या अंगावर घ्या, आणि वाट्यापेक्षा थोडा जास्त घ्या, म्हणजे पैसे वाचवायला धर्म काढला असे कोणी म्हणणार नाही.

प्रसादाबद्दल आपल्यातच दोन मते आहेत. मी खात नाही. पहिल्या करिंथकरांच्या दहाव्या अध्यायात पौल सांगतो की बाजारात जे मिळते ते चौकशी न करता खा, पण हे अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितले तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. मी त्यावरून चालतो, आणि जो भाऊ खातो त्याला प्रभुभोजनाला कधी अडवलेले नाही. पण नाही कसे म्हणावे, हे मला उशिरा कळले. पहिल्याच नेमणुकीच्या गावी शेजारच्या आजी सत्यनारायणाचा शिरा द्रोणात घेऊन दारात आल्या. मी नवा पाळक, नुकताच सेमिनरीतून आलेला. मी त्यांना मूर्तिपूजा आणि खरा देव यांतला भेद समजावून सांगू लागलो. पाच मिनिटे तरी बोललो असेन. तेवढा वेळ त्यांचा हात पुढे होता, द्रोणातले तूप पानाच्या शिवेतून त्यांच्या मनगटावर ओघळत होते, आणि त्यांना हात मागे घ्यावा की धरून ठेवावा ते कळत नव्हते. शेवटी माझ्या पत्नीने आतून येऊन ‘आजी, आमच्यात चालत नाही, पण तुम्ही आठवणीनं आणलंत, बसा, चहा घेते,’ असे म्हटले आणि सुटका केली. त्या वर्षी नाताळला आमच्या घरून करंज्या गेल्या, त्या आजींनी आधी आपल्या देव्हाऱ्यापुढे ठेवल्या आणि मग नातवंडांना वाटल्या. भेद मी समजावला होता. पाहुणचार त्यांना अधिक कळत होता.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मात्र नाही. तुम्ही प्रसादाबद्दल विचारले, पाकिटाबद्दल विचारले नाही. घरकुलाचा हप्ता सोडायचा असतो, सिंचन विहिरीचे प्रकरण पुढे सरकवायचे असते, आणि त्यातला वाटा टेबलाटेबलावर पोहोचतो, हे तालुक्यात शेंबडे पोरही जाणते. तुम्ही घेता असे मी म्हणत नाही. पण ज्या कचेरीत वर्षातून दोनदा पूजा होते आणि दर आठवड्याला पाकीट फिरते, तिथल्या ख्रिस्ती माणसाला पूजाच तेवढी टोचत असेल, तर त्याचा विवेक एका डोळ्याने बघतो आहे. लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येऊन आम्ही काय करावे असे विचारतात. योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही, रानात बोलावत नाही, उपासाचे दिवस नेमून देत नाही. ठरवून दिले आहे त्याहून जास्त घेऊ नका, असे म्हणतो. आणि शिपायांना सांगतो की आपल्या पगारात समाधान माना. सरकारी नोकरासाठी इतके नेमके वचन दुसरे मला माहीत नाही, आणि ३८ वर्षांत यावर उपदेश मी तीन-चार वेळाच केला. समोरच्या बाकांवर कोण बसलेले असते ते मला ठाऊक होते.

मला एकदा एका सभासदाने खरोखरच विचारले होते की वरच्या कमाईवरही दशांश द्यायचा असतो काय. तो थट्टा करीत नव्हता. त्याला देवाचा वाटा बुडवायचा नव्हता. मी म्हणालो, दहावा भाग आम्हांला नको आणि उरलेले नऊ तुमचे नाहीत. ज्यांचे घेतले त्यांना द्या. बायबलातल्या जकातदार जक्कयाने चौपट परत केले होते, मंदिराच्या पेटीत टाकले नव्हते. तो माणूस वर्षभर उपासनेला आला नाही. तेव्हा दानाच्या थैलीत काय पडते हेही खजिनदार म्हणून तुमच्याकडे येते, हे लक्षात असू द्या.

न घेण्याची किंमत असते, ती मी लपवणार नाही. उपदेश न करता, पहिल्याच वेळी, ‘मला देऊ नका, तुमचे तुम्ही बघा’ एवढे सांगितले तर लोक काही दिवस हसतात आणि मग सवय होते. पण बदली अडगळीच्या शाखेत होऊ शकते, आणि गोपनीय अहवालात शेराही येऊ शकतो. त्या दिवसांत मंडळीने अशा माणसाच्या घरी जाऊन बसायला हवे. आपण आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जातो, नव्या घराच्या प्रार्थनेला जातो. लाच नाकारल्यामुळे बदली झालेल्या माणसाच्या घरी प्रार्थनेला गेल्याचे मला एकदाही आठवत नाही.

मुलीच्या दाखल्याचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि इथे मी कोणावर दगड उचलणार नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे महार किंवा मांग समाजातून ख्रिस्ती झाले, काहीजण मोठ्या दुष्काळांच्या काळात, आणि ‘दुष्काळात बाटलेले’ हे शब्द आपण शाळेत ऐकलेले आहेत. बाप्तिस्म्याने गावाच्या नजरेतली जात गेली नाही, पण १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने कागदावरची गेली: हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीचा मानता येणार नाही, असे त्यात आहे. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले, ख्रिस्ती आणि मुसलमान राहिले. आदिवासींना धर्माची अट नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढावी असे सुचवले, २०२२ मध्ये न्यायमूर्ती बाळकृष्णन यांचा आयोग नेमला गेला, आणि आदेश तसाच आहे. म्हणून घरोघरी एक तोड निघाली: दाखल्यावर हिंदू, रविवारी ख्रिस्ती. तुमचे थोरले बंधू तुम्हाला तेच सांगत आहेत, आणि ते लबाड नाहीत. त्यांना अन्यायाचा अनुभव आहे.

तरी मी तुम्हाला ‘ख्रिश्चन’ लिहा असेच सांगेन. कायद्याचे कारण आधी सांगतो. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचे अपील फेटाळले. तिने क्लार्कच्याच पदासाठी हिंदू अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता, पण तिचा बाप्तिस्मा झालेला होता आणि ती नेमाने चर्चला जात होती. केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणे ही राज्यघटनेशी प्रतारणा आहे, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गाच्या यादीत स्थान आहे. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा आणि नॉन क्रिमिलेअर ही वाट किती दमवणारी आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत, पण ती आपल्या खऱ्या नावाने चालता येते. दुसरे कारण माझ्या स्वतःच्या हातून घडलेले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बापाने मुलीच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या संध्याकाळी येऊन सांगितले, ‘पाळकसाहेब, पाणी द्या, पण रजिस्टरात लिहू नका.’ मला नाही म्हणवले नाही आणि हो म्हणायचे धैर्यही नव्हते, म्हणून मी ती नोंद पेन्सिलीने केली. वरच्या आणि खालच्या ओळी निळ्या शाईत, मधली एक करडी. पुढे त्या मुलीचे लग्न ठरले, बाप्तिस्म्याचा दाखला हवा झाला, आणि तेव्हाच्या पाळकांनी मला फोन करून विचारले की अक्षरे पुसट झाली आहेत, शाईने गिरवू का. मी म्हणालो, तिला विचारा, ती आता सज्ञान आहे. तिने गिरवा म्हणून सांगितले. बापाची सोय आणि माझा भित्रेपणा यांचा हिशेब त्या मुलीला चुकता करावा लागला, आणि तुमच्या लेकीवर ती पाळी येऊ नये असे मला वाटते. ज्यांचे दाखले आधीच दुसरे आहेत त्यांना मी मंडळीतून काढायला सांगत नाही, पण त्यांनी पंच किंवा विश्वस्त होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि १९५० च्या आदेशाविरुद्ध निवेदन द्यायचे असेल तेव्हा सही करायला आपल्याकडे खरे नाव असलेली माणसे हवीत, हेही आहेच. व्यासपीठावरून समता मागणाऱ्या आपल्याच मंडळ्यांत महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात सोयरीक किती होते, हे आपण जाणतोच. सरकारला विचारण्याचा प्रश्न आधी आपल्या लग्नपत्रिकांना विचारावा लागेल.

साक्षीबद्दल. घटनेच्या २५ व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, आणि १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. मला त्यात आपल्या कामाला बाध येतो असे कधी वाटले नाही, कारण मन पालटणे हे आपले काम नव्हेच. पंडिता रमाबाईंचे १८९३ चे प्रकरण यासाठी पाहण्यासारखे आहे. शारदा सदन या विधवा मुलींसाठीच्या आपल्या शाळेत धर्मशिक्षण देणार नाही असे त्यांनी मान्य केले होते. त्या आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्याबरोबर प्रार्थना करीत आणि दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. आपल्याकडे ही गोष्ट रमाबाईंच्या छळाची म्हणून सांगतात. मी ती सांगताना पालकांचेही म्हणणे सांगतो: विश्वासाने मुली पाठवल्या होत्या, आणि मुली लहान होत्या. तरीही, दार बंद करून प्रार्थना करा असे त्यांना सांगण्याचा अधिकार कोणालाही नव्हता.

तुमच्यासाठी यातून निघते ते असे. तुमच्या टेबलावर येशूचे चित्र असो किंवा नसो, विचारणाऱ्याला मोकळेपणाने सांगा की मी ख्रिस्ती आहे आणि अमुक मानतो. पण ज्याची फाइल तुमच्या हातात आहे त्याच्याशी, ती हातात असेपर्यंत, देवाविषयी बोलू नका. तो हो म्हणेल, आणि त्या होकाराला काही किंमत नसेल. मंडळीतर्फे मदत वाटताना प्रार्थना सक्तीची करू नका, आणि फोटो तर काढूच नका.

आपल्या जिल्ह्यात साक्षीचा नमुना पाहायचा असेल तर जामखेडला जाऊन या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केले, आणि गावोगावच्या, पुष्कळशा निरक्षर, दलित आणि सवर्ण बायकांना एकत्र बसवून आरोग्यसेविका केले. एका घोंगडीवर बसायला तयार नसलेल्या बायका पुढे एकमेकींच्या गावात बाळंतपणे करू लागल्या. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते ख्रिस्ती होते हे त्यांनी लपवले नाही आणि फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेही नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचेही तसेच. हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात ते उभे राहिले तेव्हा शेत आणि पाणी कॅथॉलिकांचेच वाचवायचे नव्हते, सगळ्या वसईचे होते. आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा काहींनी त्यांच्या धर्मावरून विरोध केला, तरी ते गेले आणि मराठीत, मराठी माणूस म्हणून बोलले. आपली माणसे मात्र चर्चच्या बाहेर पडली की ख्रिस्ती म्हणून फक्त स्मशानभूमीच्या जागेसाठी आणि नाताळच्या बंदोबस्तासाठी कलेक्टर कचेरीत दिसतात. गावच्या पाणीपुरवठ्याच्या सभेत, शाळा व्यवस्थापन समितीत, ग्रामसभेत आपण किती जातो? तुमच्या खुर्चीवरून तुम्हाला ते आकड्यांत दिसत असेल.

राहिला राजीनामा. देऊ नका. तुम्ही सोडलीत तर वही ज्याच्याकडे जाईल तो कोण, हे तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावरून मला कळले आहे. येत्या कमिटीत कोणावर आरोप न करता एकच ठराव मांडा: लिलावाची थकबाकी पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासनेनंतर, नावे आणि रकमांसह वाचली जाईल. विरोध होईल; नोंदवून घ्या आणि मतास टाका. हरलात तर पुढच्या महिन्यात पुन्हा मांडा. त्या वहीत तुमचे स्वतःचे नाव आहे की नाही, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. असेल तर ठराव मांडण्याआधीच्या शनिवारी पैसे भरून पावती फाडा, आणि यादी वाचायची वेळ येईल तेव्हा सुरुवात त्या नावापासून करा.